विटा भरतीनं येतात

२३ फेब्रुवारी १९९७, रविवार

घेतली! जागा घेतली! खाडीपलीकडच्या टेकाडावरची, चिंचेखालची — आमची!

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. सासूबाई नळावर गेल्यात, तेवढ्यात लिहून घेते. कुंदननं सकाळी सांगितलं. (वहीत नाव घ्यायला कोण अडवतंय? समोर 'अहो' आहेच.) सुरतेजवळच्या आमच्या कोसाडहून सायकलीनं पाऊण तास, मग रस्ता संपतो, मग खाडी, खाडीत छगनकाकांची नाव आणि पलीकडे टेकाड. छगनकाका तिथलेच कोळी पटेल. शेत त्यांचं, नावही त्यांची. मुलं कंपनीत लागली, आता टेकाडावर कुणी यायला तयार नाही, म्हणून एक कोपरा त्यांनी आम्हाला दिला. पूल नाही, रस्ता नाही, वीज नाही. असती तर आमच्यासारख्यांना मिळाली असती का!

आणि शेजार नाही. हे मी पुन्हा लिहिणार. शेजार नाही!!

इथे कोसाडच्या खोलीत नाना, म्हणजे माझे सासरे, सासूबाई, आम्ही दोघं आणि गावाकडून आलेला कुणी ना कुणी पाहुणा. कुंदनला पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. लूमच्या खात्यात, मागांपुढे, बारा तास उभा राहून येतो आणि येतो तो आडवाच होतो. लग्नाला वर्ष झालं, नवऱ्याशी मोठ्यानं एक वाक्य बोलले नाही मी. साधं भांडलेसुद्धा नाही! भांडायलाही चार भिंती लागतात, आणि आत दोनच माणसं लागतात. मला एक दार हवंय. माझ्या मनानं लावायचं, माझ्या मनानं उघडायचं. बस.

आल्या सासूबाई.

२४ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "खाडीना पल्याड? तठे तं बगळाबी इचार करीसन जास!" हसू दाबता दाबता माझी भाकरी करपली.

९ मार्च, रविवार

जागा पाहिली! जागा पाहिली आणि आणखी एक गंमत झाली.

गेलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली. नाव अशी सरसर निघाली की मी घाबरून कुंदनचा शर्ट धरला. भीती गेल्यावरही धरूनच ठेवला. छगनकाकांनी काही पाहिलं नाही. भला माणूस.

टेकाडावर एक मोठी चिंच, गोड्या पाण्याची एक विहीर आणि नुसता वारा! पदर डोक्यावर टिकेना. मग लक्षात आलं, टिकवायचा कुणासाठी? उघड्या डोक्यानं हिंडले. कुंदननं काटकीनं जमिनीवर घर काढलं. इथे चूल, इथे मोरी, इथे दार. मी दार पायानं पुसलं आणि पूर्वेला काढलं. तो म्हणाला, "वारा येई." मी म्हटलं, येऊ दे. तो म्हणाला नको. मी म्हटलं हो. चांगलं मोठ्यानं म्हटलं! दार पूर्वेलाच राहिलं.

परतायला काठावर आलो, तर खाडीच नाही. पाणी गेलेलं! नुसता काळा चिखल आणि त्यात नाव बसलेली. कुंदन हबकलाच. आम्ही खानदेशातली माणसं. आमची नदी एकाच दिशेला जाते. आटली तर उन्हाळ्यात आटते, दुपारची जेवणं झाली म्हणून आटत नाही! छगनकाका म्हणाले, "भरती आववा दे ने, बेन! पाणी क्यां नासी जवानुं छे?" पाणी कुठे पळून जातंय म्हणे! आणि चिंचेखाली जाऊन घोरायला लागले.

मग आम्ही दोघंच. अख्खी दुपार! नळाची वेळ नाही, पाहुणा नाही, भोंगा नाही. त्यानं मला लूमवरच्या गमती सांगितल्या, मी त्याला अमळनेरच्या शाळेतल्या. त्याच्या डाव्या कानामागे तीळ आहे. वर्ष झालं लग्नाला आणि मला माहीत नव्हतं! ओहोटीबाई, तुझं भलं होवो, तुझ्या लेकीबाळींचं भलं होवो.

८ एप्रिल, पाडवा

कुदळ मारली. नारळ फोडला. खोबरं गोड निघालं.

नाना 'नुसतं पाहाले' आले होते. गावी असताना ते लोकांची घरं बांधायचे. जाड मातीच्या भिंती आणि वर सपाट मातीचं धाबं. सुरतेला आले आणि कापडमार्केटात रखवालदार झाले. दुसऱ्यांची कुलपं बघण्यात जन्म गेला. आज टेकाडावर पाय टेकला आणि म्हाताऱ्याच्या अंगातच आलं. दोरी कुठे, ओळंबा कुठे! कुंदननं आखलेली रेघ चपलेनं पुसून टाकली. "आसा पाया ऱ्हास का? मांजर बठनी तं खचई!" कुंदननं काटकी टाकली. मी खूश. घरबसल्या गवंडी मिळाला!

मग म्हणाले, "धाबंच टाकू, पोरी." मी म्हटलं, नाना, हा सुरतेचा पाऊस आहे, धाब्याचं पिठलं होईल. आधी हसले. मग रुसले. चहा झाल्यावर पत्र्याला कबूल झाले.

१३ एप्रिल, रविवार

विटांची पहिली नाव. छगनकाका सांगत होते, कमी भरा, पाणी उतरायला लागलंय. नाना म्हणाले, बैलगाडीत भरतात तेवढ्या तर भरू! भरल्या. नाव खाडीच्या मधोमध जाऊन बसली. पाणी निघून गेलं आणि राहिल्या विटा, विटांवर नाना, नानांवर छत्री!

मी काठावरून ओरडले, "नाना, चहा पाठवू का?"

"धाड ना! पन कसा धाडशी?"

हसून हसून माझ्या पोटात कळ आली. दुपार उलटेपर्यंत म्हातारा राजासारखा बसून होता. छगनकाका मात्र दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून.

आता शहाणे झालोय. विटा भरतीनं येतात. वाळू भरतीनं येते. चुना, चौकट, चहापत्ती, सगळं भरतीनं. भरती रोज थोडी पुढे सरकते, तसं आमचं जेवणही सरकतं. मी सासूबाईंना सांगत होते, उद्या भरती दुपारी आहे. त्या म्हणाल्या, "तुले आते एकादस कवय शे ते मालूम नई, पन भरती मालूम शे!"

२० एप्रिल

विटा. विटा. विटा. तळहात मेंदी लावल्यासारखे लाल. कुंदन रातपाळी करून थेट येतो, डोळे तर हातांपेक्षा लाल. मी ओरडले, झोपा की जरा! म्हणाला, "झोपीसन काय करू? सपनमाबी हाईच घर दिखस."

हे कोणी सिनेमातही बोलत नसेल.

९ मे, आखाजी

माहेराहून पुन्हा निरोप आला. अक्षय्यतृतीया, आमची आखाजी, आणि लेक घरी नाही म्हणजे काय! माय नक्की रडली असेल. मला वाईट वाटलं, फार वाटलं — जेवणापर्यंत. मग चिंचेला दोर बांधला आणि झोका घेतला. आखाजी म्हणजे झोका, आणि झोक्याला माहेरच लागतं असं कुठे आहे? वर गेलं की भिंतींच्या पलीकडे खाडी लखलखताना दिसते. खाली आलं की भिंती. माझ्या भिंती!

नाना खालून ओरडत होते, "पडशी ना, पोरी!" मी उतरून पाणी प्यायला विहिरीवर गेले. परत येऊन बघते तर नाना स्वतः झोक्यावर! टोपी सरळ, चेहरा गंभीर. मला बघून म्हणाले, "तुन्ही सासूले सांगू नको."

१८ मे, रविवार

दार आलं!

जुन्या लाकडाच्या बाजारातून आणलं. सागवानी आहे, कुणाच्या तरी मोडलेल्या घराचं. नावेत आडवं मावेना, म्हणून उभं धरलं आणि तोल जाऊ नये म्हणून मी त्याच्या मागे उभी. काठावर कपडे धुणाऱ्या बायका बघतच राहिल्या. त्यांना दिसत असणार खाडीतून चाललेलं दार आणि दाराखाली दोन पाय!

नानांनी चौकटीत बसवलं. मी आत गेले आणि दार लावलं. वर छप्पर नाही, मागची भिंत अर्धी — पण दार बंद! बाहेरून कुंदन: "बाई शेतस का घरमा?" मी म्हटलं, नाहीत, उद्या या. तर हा अर्ध्या भिंतीवरून उडी मारून आत आला. नाना विहिरीवर होते. छगनकाका नावेत होते. पुढचं लिहीत नाही.

१ जून, रविवार

पत्रे!! देवा!

वारा होता. छगनकाका म्हणाले, "आजे नहीं." आम्ही म्हटलं, ढग येतायत, आजच. पत्रे नावेत ठेवले, खाडीच्या मध्यात वारा पत्र्याखाली शिरला आणि नाव निघाली. टेकाडाकडे नाही, समुद्राकडे! कुंदन पत्र्यांवर पालथा पडला. नाना त्याच्या पायांवर बसले. छगनकाका शिव्या देताहेत — सुरती शिव्या, एकेक अशी की लिहायला वही लाजेल. मी काठावरून ओरडतेय, "पत्रे सोडा! सोडा म्हणते ना!" आणि कुंदन ओरडतोय, "कसाले सोडू!"

बरंच खाली जाऊन झाडीत अडकले. सगळे चिंब, पत्रे शाबूत. दोघंही चिखलात बसून हसत होते, बाप आणि लेक. मीही पळत गेले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडू कधी फुटलं कळलं नाही. बुडाला असता तर? मला पत्रे नकोत. छप्पर नको. तो बुडाला असता तर मी दार लावून आत काय करणार होते?

मूर्ख! पत्रा सोडायला काय झालं होतं?

२२ जून, रविवार

छप्पर झालं. भुई केली. चूल मांडली. राहायला जाते म्हटलं तर सासूबाईंनी अडवलं. भुई ओली आहे, आणि वाळेपर्यंत आषाढ लागतो. आषाढात नव्या घरात पाऊल नको.

मी चिडले. मग सुचलं! म्हटलं, श्रावणात जाऊ. कानबाईच्याच दिवशी जाऊ. यंदा कानबाई आमच्याकडे बसवू!

कोसाडच्या खोलीत देवीचा चौरंग मांडायला जागाच नाही. म्हणून नागपंचमीनंतरच्या रविवारी दरवर्षी लिंबायतला, भाऊबंदांकडे जायचं. त्यांच्या कानबाईपुढे बसायचं, त्यांच्या चुलीवर पोळ्या करायच्या आणि थोरल्या जावेचं ऐकून घ्यायचं. मला मिरवायचं होतं, खोटं कशाला बोलू! एकेका जावेला नावेत बसवून आणायचं होतं. पातळं आवरत, किंचाळत!

सासूबाई पीठ मळता मळता थांबल्या. "इचार कर, पोरी. आपलामा कानबाई जठे बठनी, ते थोरलं घर. एकदाव बठनी का मंग उठत नई."

मी म्हटलं, बसू द्या की! जागा काय कमी आहे?

३० जुलै

कानबाईच्या नैवेद्याला रोटाचे गहू निवडले. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. कुंदनची मूठ जरा मोठी झाली. कानबाई रागवायची नाही, तिलाही नवरा आहेच.

१० ऑगस्ट, रविवार

आल्या! सगळ्या आल्या! नावेनं आल्या!

थोरली जाऊ किंचाळली. मधली किंचाळली. एकीची चप्पल खाडीत गेली. माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं! उतरल्यावर मात्र घर बघून किंचाळणं थांबलं. "आठे एवढा वारा ऱ्हास का?" म्हणाल्या आणि दारातच बसून घेतलं.

पण खरी गोष्ट सासूबाईंची. त्यांनी आजवर टेकाडावर पाऊल ठेवलं नव्हतं. "नावमा बठाले माले भ्याव वाटस." आज कानबाईचा नारळ मांडीवर घेऊन, डोळे घट्ट मिटून, तोंडावर पदर ओढून बसल्या. पूर्ण खाडीभर पुटपुटत होत्या. उतरवताना त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली. अजून वळ आहेत.

चौरंग मांडला. नारळाला डोळे काढले, नथ घातली, शालू नेसवला. काय रूप आलं! माझ्या घरात, माझ्या दाराकडे तोंड करून बसली. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, म्हणून छगनकाकांना वेगळी खीर आणि पोळी दिली. ते म्हणाले, "बेन, तमारी माताजी बो रूपाळी छे." मला वाटलं मलाच म्हणाले.

उद्या विसर्जन. मग सगळे जातील. मग आम्ही दोघं! उद्यापासून!

११ ऑगस्ट, सोमवार

काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी कानबाई सासूबाईंच्या डोक्यावर. लिंबायतला वाजतगाजत केवढं लांब जावं लागतं. इथे तर पाणी दाराशीच! फुगड्या संपण्याआधी काठ आला. म्हणून चिंचेभोवती फेऱ्या घातल्या. छगनकाका मागून सांगत होते, "ओट लागवा दो, पछी छोडो!" ओहोटी लागू दे, मग सोडा. कोण ऐकतंय! आमच्याकडे देवी नदीत सोडली की गेली. विटा भरतीनं आणायला शिकलेली मीसुद्धा विसरले. देवीलाही भरती लागते हे डोक्यातच आलं नाही.

आरती झाली. सोडली. बायकांनी डोळे पुसले. नारळ थोडा गेला. थांबला. मग वळला! भरती चढत होती ना! फुलं, नारळ, सगळं हळूहळू परत आलं आणि आमच्या काठच्या पायरीला येऊन लागलं. थोरल्या जावेनं हातानं ढकललं. परत आलं. कुंदननं काठीनं लोटलं. परत आलं!

छगनकाका तोंड फिरवून हसत होते. मीही हसणारच होते, तेवढ्यात सासूबाईंकडे लक्ष गेलं. हात जोडलेले, डोळ्यांतून धारा. म्हणाल्या, "पाह्यं का? बाईले जावानं नई."

मग थोरली जाऊ, जिला मी मिरवून दाखवणार होते तीच, हळूच म्हणाली, "थोरलं घर व्हयनं हाई." नानांनी टोपी काढली. सासूबाई त्याच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई आठे, मंग आपुनबी आठेच."

नारळ दुपारी ओहोटीला गेला. पण तोवर सगळं ठरून गेलं होतं. मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणत असतील.

१२ ऑगस्ट

आजच्यापुरतं नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार

कोसाडहून सासूबाईंची पेटी आली. नानांची खाट आली. पाटा-वरवंटा आला. पाटा-वरवंटा आला म्हणजे संपलंच. सगळं भरतीनं!

नाना दाराशी ओटा बांधतायत आणि गुणगुणतायत. चुलीपाशी सासूबाई. मी? मी पुन्हा डोक्यावर पदर घेऊन कडेला. आणि कुंदन? त्याला दिवसपाळी लागली. पहाटे नाव नाही, अंधार पडल्यावर नाव नाही. म्हणून तो कोसाडला, त्या खोलीत, एकटा! आणि मी इथे, माझ्या घरात, सासू-सासऱ्यांबरोबर! हसावं की भिंतीवर डोकं आपटावं! आपटायचं तर भिंत नानांनी बांधलेली, डोकंच फुटेल.

राग आलाय. फार आलाय. पण कुणावर काढू? नानांवर निघत नाही, त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंवर काढावा, तर त्यांनी विचार कर म्हणून बजावलं होतं. हौसेनं आमंत्रण दिलं ते मीच. कुंदन गेला तेव्हा नावेतून हात हलवत होता आणि मला हातसुद्धा हलवता आला नाही, शेजारी दोघं उभे होते.

मला तो हवाय. एवढंच. घरबिर मरू दे.

२१ ऑगस्ट

सासूबाईंनी विचारलं, "जेवस कसं नई?" मी म्हटलं, भूक नाही. एरवी ताटात भाकरी टाकतात. आज टाकली नाही. बघत राहिल्या.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी भरती होती. सासूबाईंनी डबा हातात दिला. जड. दोघांचा. वर माझ्या दोन साड्यांची घडी.

"जाय. त्याले सांग, मायनी धाडी."

मी म्हटलं, संध्याकाळच्या आत येते.

"कसाले? त्यानी पाळी बदलनी का ये."

त्या खाडीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "माले कोसाडच आवडस. नळ शे, बोलाले बाया शेतस. आठे ऱ्हावाले माले आजबी भ्याव वाटस. पन सालभर एक खोलीमा तुम्ही दोन्ही कसा ऱ्हायनात, ते काय माले दिखे नई?"

पाया पडले. नाव सुटली, आणि त्या काठावरून, कमरेवर हात ठेवून, दोन्ही तीरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सुषमा! दारनी कडी लाई लिजो!"